ट्रेंचटाउनचा बॉब मार्ली

गरिबीतून वर आलेल्या थोरांच्या गोष्टींवर आपण मराठी माणसे लहानपणापासून वाढलेली आहोत. म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली बसून अभ्यास करणारा, वार लावून जेवणारा, माधुकरीच्या झोळीवर शिकलेला मुलगा पुढे केवढा मोठा झाला, ही गोष्ट ऐकवल्याखेरीज आमच्या वेळी शाळेचा कोणताही बक्षीससमारंभ पार पडत नसे. आम्हीही ती भक्तिभावाने ऐकली. पुढे इतिहास हा विषय हाती घेतल्यावर मात्र एक प्रश्न आम्हांस छळू लागला. तो दिवा रस्त्यावर लावला कोणी? त्यात तेल कोणाच्या पैशाने पडत होते? वाराच्या घरी त्या मुलाचे पान वाढणारी बाई कोण होती? चरित्रकार मुलाकडे पाहतात, दिव्याकडे पाहत नाहीत. आणि मग वाचकाला वाटू लागते, की दारिद्र्य ही एक उत्तम पाठशाळा असून तीत घातलेले मूल आपोआप मोठे होऊन बाहेर पडते. तसे असते तर आपल्या देशात थोर पुरुषांचा तोटा कधीच पडला नसता!

आज ज्या गायकाची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे, त्याचा चेहरा श्रोत्यांपैकी पुष्कळांनी पाहिलेला असेल. गोव्यात अंजुण्याच्या किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावरील दुकानांतून जे रंगीत सदरे टांगलेले असतात, त्यांवर एका जटाधारी हसऱ्या तरुणाचे चित्र असते आणि शेजारी बहुधा गांजाचे पान. सदरा घालणाऱ्याला नाव ठाऊक असते, दोनचार गाणीही ठाऊक असतात. यापलीकडे तो विचारपूस करीत नाही. हा तरुण म्हणजे जमैका बेटाचा बॉब मार्ली. त्या पानाबद्दल एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. जमैकात आजही त्या झाडाला गांजा असेच म्हणतात, आणि तो शब्द आपल्याकडून तेथे गेलेला आहे. गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांवर मजूर मिळेनात, तेव्हा १८४५ साली जहाजातून हिंदुस्थानातील पहिले गिरमिटिये जमैकात उतरले. १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० माणसे अशी तेथे गेली, बहुतेक उत्तर हिंदुस्थानातील. त्यांच्या बोचक्यांतून जे शब्द व सवयी गेल्या, त्यांत हाही एक. पण आमचा आजचा विषय पानाचा नाही, माणसाचा आहे.

६ फेब्रुवारी १९४५ रोजी सेंट ॲन परगण्यातील नाइन माइल या डोंगरी खेड्यात बॉबचा जन्म झाला. आई सेडेला अठरा वर्षांची, काळ्या शेतकरी घरातील. बाप नॉर्व्हल मार्ली गोरा, साठीच्या घरातला, सरकारी जमिनींवर देखरेख करणारा. लग्न झाले खरे, पण लग्नानंतर लगेच तो किंग्स्टनला निघून गेला आणि पुढे मुलाला त्याचे दर्शन क्वचितच झाले. मूल वाढले ते आजोबांच्या, ओमेरिया माल्कम यांच्या, घरी. हे आजोबा गावात वजन असलेले गृहस्थ होते. शेती बरी होती, झाडपाल्याच्या औषधांचे ज्ञान होते, आणि गावकरी सल्ल्याला त्यांच्याकडे येत. तेव्हा बॉबची पहिली पाच वर्षे उपासमारीत गेली असे जे कोणी लिहितात, ते गोष्टीला रंग चढवतात. दुःख होते, ते दुसरेच. गोऱ्याचे पोर म्हणून काळ्यांत हिणवले जावे आणि गोऱ्यांनी तर उंबऱ्यालाही उभे करू नये, असे ते दुःख होते.

पाच-सहा वर्षांचा असताना बापाने शाळेत घालतो म्हणून त्याला किंग्स्टनला बोलावून घेतले. आईने विश्वासाने पाठवले. बापाने मुलाला आपल्याजवळ ठेवलेच नाही. एका म्हाताऱ्या आजारी बाईच्या घरी नेऊन सोडले आणि आईला पत्ताही कळवला नाही. जवळजवळ वर्षभर आईला आपले मूल कोठे आहे हे ठाऊक नव्हते. योगायोगाने ओळखीच्या कोणा बाईने त्याला रस्त्यात पाहिले तेव्हा ते सापडले. गावी परतल्यावरचा एक प्रसंग आईने पुढे सांगितला आहे. लहानपणी हा मुलगा लोकांचे तळहात पाहून भविष्य सांगत असे आणि त्याचे बोल खरे ठरतात अशी गावात ख्याती होती. शहरातून परतल्यावर एका बाईने हात पुढे केला, तेव्हा त्याने नकार दिला. आपण आता हात पाहत नाही, गाणे म्हणतो, असे त्याने सांगितले. त्या वर्षात त्या घरात, त्या बाजारी रस्त्यात काय घडले हे कोणी लिहून ठेवलेले नाही. टाकून दिलेल्या मुलाने भविष्य सांगणे सोडले आणि गाणे धरले, एवढेच हाती लागते.

बाप १९५५ साली वारला. आईला खेड्यात पोट भरेना; ती किंग्स्टनला जाऊन लोकांच्या घरी कामे करू लागली, आणि १९५७ च्या सुमारास बॉबला घेऊन ट्रेंचटाउन या वस्तीत राहू लागली. या वस्तीची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही, म्हणून येथे थोडे थांबू. किंग्स्टनच्या पश्चिमेस खेड्यांतून आलेल्या निर्वासित मजुरांच्या झोपड्या पडल्या होत्या. १९४० नंतरच्या दशकात सरकारने तेथे घरे बांधली. मधे मोकळे अंगण, तीन बाजूंस एकेका कुटुंबाला एकेक-दोनदोन खोल्या, आणि स्वयंपाकघर, नळ व संडास सगळ्यांना मिळून. तेथील लोक अशा अंगणाला सरकारी यार्ड म्हणत. मुंबईच्या बी.डी.डी. चाळीत ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. एका घरात भांडण झाले की चाळीस घरांना कळते, आणि एका घरात पेटी वाजली की चाळीस घरे ऐकतात.

गाणे अशा अंगणात जन्मले. आई ज्या टॅडियस लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर राहत होती, त्यांचा मुलगा बनी हा बॉबचा जिवलग मित्र. बनीने बांबू, सार्डिन माशांचा रिकामा डबा आणि विजेच्या तारा जोडून एक गिटार बनवली होती. रात्री अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील रेडिओ केंद्रे वाऱ्याच्या कृपेने ऐकू येत, आणि ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता त्यांच्यासाठी गल्लीबोळात ‘साउंड सिस्टिम’ होत्या. म्हणजे कपाटाएवढे कर्णे आणि तबकड्या घेऊन फिरणारे नाचगाण्याचे तळच म्हणा ना. पुढे उंचापुरा, तिखट जिभेचा पीटर टॉश त्यांना येऊन मिळाला. त्याच्याजवळ खरी गिटार होती. या तिघांचे मिळून जे झाले त्याला पुढे ‘वेलर्स’ हे नाव पडले. वेलर्स म्हणजे विलाप करणारे.

पण तिघांना सूर कोणी शिकवला? चरित्रांच्या जाहिरातीत जे नाव सहसा नसते, ते येथे घेतले पाहिजे. त्याच वस्तीत जो हिग्ज नावाचा गायक राहत असे. त्याची स्वतःची गाणी तबकड्यांवर निघालेली होती, म्हणजे वस्तीच्या मानाने तो नामवंत. हा मनुष्य रोज संध्याकाळी आपल्या अंगणात मुलांना गोळा करून गाणे शिकवी. श्वास कसा घ्यावा, तीन आवाज एकमेकांत कसे मिसळावेत, शब्द कोठे तोडावा. फी म्हणून एक पैही त्याने घेतली नाही. चुकले की पुन्हा, पुन्हा चुकले की पुन्हा. मुलांची सभाभीती मोडावी म्हणून त्याने एकदा त्यांना मध्यरात्री कबरस्तानात नेऊन गायला लावले, असे सांगतात. भुतांसमोर गाइलात तर माणसांसमोर गायला काय भ्याल, हा त्यामागचा हिशेब! आपल्याकडच्या घराण्यांच्या उस्तादांचीही याहून चमत्कारिक तालमींची वर्णने आम्ही ऐकली आहेत. १९७३ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर बनी जाईना, तेव्हा त्याच्या जागी उभा राहून गाण्यासाठी हाच गुरू शिष्यांबरोबर गेला. हिग्ज १९९९ साली वारला. सदऱ्यावर त्याचे चित्र आम्ही कधी पाहिले नाही.

दुसरा दिवा व्हिन्सेंट फोर्ड याचा. मधुमेहाने पाय गेल्यामुळे हा मनुष्य चाकांच्या खुर्चीवर असे. पहिल्या गल्लीतील एका यार्डात तो स्वयंपाकघर चालवी, आणि ज्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नसेल त्याला तेथे खायला मिळे. १९६३ च्या सुमारास आई पोटासाठी अमेरिकेत डेलावेअरला गेली आणि बॉब मागे राहिला, तेव्हा अठरा वर्षांच्या या मुलाचे छप्पर आणि पान दोन्ही फोर्डकडे होते. गिटारीवर बोटे फिरवायलाही तो तेथेच शिकला. वार लावून जेवणारा मुलगा हाच. फक्त गाव दुसरे.

तबकडीच्या धंद्यात त्याचा शिरकाव झाला तो एका लोखंडी कणामुळे. शाळा सुटल्यावर तो वेल्डिंगच्या दुकानात उमेदवारी करीत होता. तेथे एक दिवस धातूचा कण उडून डोळ्यात गेला, तो काढताना फार यातना झाल्या, आणि पुन्हा हत्यार हाती धरायचे नाही असे त्याने ठरवले. दुकानातील त्याचा सोबती डेस्मंड डेकर हाही गाणाराच. त्याच्या ओळखीने बॉब लेस्ली काँग या चिनी वंशाच्या व्यापाऱ्यापर्यंत पोचला, आणि १९६२ साली, जमैका स्वतंत्र झाली त्याच वर्षी, त्याची पहिली तबकडी निघाली. ती कोणी घेतली नाही. दुसऱ्या एका तबकडीवर तर त्याचे नाव ‘बॉबी मार्टेल’ असे छापले गेले.

१९६३ च्या अखेरीस वेलर्स कॉक्सन डॉड यांच्या ‘स्टुडिओ वन’कडे गेले. वस्तीतील सुरेबाज पोरांनी जरा डोके थंड ठेवावे, अशा अर्थाचे त्यांचे ‘सिमर डाउन’ हे गाणे १९६४ च्या आरंभी साऱ्या बेटावर पहिल्या क्रमांकाला गेले. पोरे देशभर गाजली आणि खिशात आठवड्याच्या काही पौंडांच्या पगाराखेरीज काही नव्हते. बॉब काही काळ स्टुडिओच्या मागच्या खोलीत झोपत असे. डॉड यांस लुच्चे ठरवणारे पुष्कळ आहेत. आम्ही तितके पुढे जात नाही. त्या धंद्याची रीतच तशी होती, की तबकडी ज्याची त्याचे गाणे, गाणारा रोजंदारीचा गडी. पण ही रीत ज्यांच्या पाठीवरून गेली त्यांनी ती लक्षात ठेवली, आणि पुढच्या एका मोठ्या खटल्याचे बी येथेच पडले.

मधली वर्षे आम्ही भरभर ओलांडतो. फेब्रुवारी १९६६ मध्ये रीटा अँडरसन हिच्याशी लग्न. लगेच आईकडे डेलावेअरला जाऊन हलकीसलकी नोकरी. परतल्यावर स्वतःचे तबकड्यांचे छोटे दुकान, ज्यातला माल रीटा स्वतः विकायला फिरे. पुन्हा पैसा संपला की पुन्हा डेलावेअर, या वेळी मोटारींच्या कारखान्यात रात्रपाळी. याच काळात तो रास्ताफारी पंथाकडे वळला. इथिओपियाचा सम्राट हेली सेलासी यास देवावतार मानणारा आणि आफ्रिका हे आपले माहेर मानणारा हा गरिबांचा पंथ. जमैकाचे सुखवस्तू लोक व पोलीस त्याच्या जटाधाऱ्यांना गुन्हेगारांत जमा करीत. ट्रेंचटाउनजवळची ‘बॅक-ओ-वॉल’ ही रास्ता लोकांची झोपडपट्टी १९६६ साली सरकारने यंत्रे लावून जमीनदोस्त केली. पुढे ज्या जटांची छायाचित्रे जगभर विकली गेली, त्या जटा तेव्हा डोक्यावर ठेवणे म्हणजे नोकरीला मुकणे होते.

१९७२ साली लंडनमध्ये खिशात परतीचे भाडे नसलेले वेलर्स क्रिस ब्लॅकवेल यांना भेटले. ब्लॅकवेल हे जमैकाच्याच एका श्रीमंत गोऱ्या घराण्यातले, ‘आयलंड’ या तबकडी कंपनीचे मालक. त्यांनी ४,००० पौंड हातावर ठेवले आणि तबकडी तयार करून आणा म्हणून सांगितले. पैसे बुडाले असे सगळ्यांनी त्यांना बजावले. काही महिन्यांनी जमैकात येऊन पाहतात तो पै न पै कामाला लागलेली. ब्लॅकवेल यांनी त्या ध्वनिफितींवर लंडनमध्ये अमेरिकी वादकांची गिटार व वाद्ये चढवून गोऱ्या तरुणांच्या कानाला रुचेल असा घाट दिला, आणि १९७३ मध्ये ‘कॅच अ फायर’ बाहेर पडली. येथे अभ्यासकांत दोन तट आहेत. एकांच्या मते मार्ली हा ब्लॅकवेल यांनी घडवलेला माल. दुसऱ्यांच्या मते ब्लॅकवेल यांनी शुद्ध गाण्यात पाणी घातले. आम्हांस दोन्ही मते एकांगी वाटतात. ज्या तीन आवाजांना हिग्जने दहा वर्षे घासले होते, ते आवाज लंडनमध्ये विकत मिळत नव्हते. आणि लंडनचे दार ब्लॅकवेल यांच्यावाचून उघडत नव्हते, हेही तितकेच खरे. त्या दाराची किंमत मात्र बनी व पीटर यांनी मोजली. तिघांच्या मंडळीचे हळूहळू एकाचे नाव झाले, आणि १९७४ पर्यंत ते दोघे निघून गेले. पीटर टॉशने या बाबतीत कडू बोलण्यात कधी कसूर केली नाही. त्याचे चुकले असे आम्हांस वाटत नाही.

त्यानंतरची चढण फार वेगाची. १९७४ मध्ये एरिक क्लॅप्टन याने बॉबचे ‘आय शॉट द शेरिफ’ गाइले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. लोक विचारू लागले, हे मूळचे कोणाचे? जुलै १९७५ मध्ये लंडनच्या लायसियम नाट्यगृहात त्याने ‘नो वुमन, नो क्राय’ गाइले आणि त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण जगभर गेले. हे गाणे कशाचे आहे? ट्रेंचटाउनच्या यार्डातील रात्रीचे, तेथील चुलीचे आणि वाटून खाल्लेल्या लापशीचे. आणि त्या गाण्याचा कर्ता म्हणून तबकडीवर नाव आहे ते व्हिन्सेंट फोर्ड याचे.

भाविक चरित्रकार येथे डोळे पुसतात. त्यांचे म्हणणे असे, की उपकार फेडावेत म्हणून बॉबने आपले गाणे फोर्डला देऊन टाकले. त्याच्या मानधनावर ते स्वयंपाकघर पुढे चालत राहिले. मानधन फोर्डला मिळत राहिले, हे खरे आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने कोर्टाची कागदपत्रेही वाचावी लागतात. बॉब जुन्या एका प्रकाशन कंपनीशी कराराने बांधलेला होता आणि त्याने लिहिलेल्या प्रत्येक गाण्याचा वाटा तिच्याकडे जाई. ही कात्री चुकवण्यासाठी १९७३ ते १९७६ या काळातील तेरा गाणी त्याने मित्रांच्या व आप्तांच्या नावांवर लावली. २०१४ साली लंडनच्या उच्च न्यायालयात या गाण्यांच्या हक्कांचा दावा चालला, तेव्हा ही युक्तीच होती याबद्दल दोन्ही पक्षांत वाद नव्हता. जुन्या कंपनीचा दावा न्यायालयाने फेटाळला तो निराळ्या कारणाने, नंतरच्या एका कराराच्या अर्थावरून.

मग उपकार की लबाडी? आम्हांस या दोहोंत निवड करण्याचे कारण दिसत नाही. स्टुडिओच्या मागच्या खोलीत झोपलेल्या माणसाने मालकाच्या कागदाला कागदाने उत्तर दिले. तसे करताना कोणाचेही नाव घालता आले असते; या गाण्यावर त्याने चुलीच्या धन्याचे नाव घातले.

पैसा आल्यावर तो वस्तीपासून दूर, किंग्स्टनच्या श्रीमंत भागात, होप रोडवरील ५६ क्रमांकाच्या घरात राहू लागला. घर बदलले, पण यार्ड त्याच्यामागून तेथे आले. दाराशी रोज माणसांची रांग असे. कोणाला औषध, कोणाला फी, कोणाला नुसते जेवण. रांगेत दोन्ही राजकीय पक्षांचे गुंडही असत, कारण तेही ट्रेंचटाउनचेच. त्या वेळी मॅन्ली व सियागा यांच्या पक्षांनी गरीब वस्त्या वाटून घेऊन पोरांच्या हाती बंदुका दिल्या होत्या. ३ डिसेंबर १९७६ च्या रात्री बंदुकवाले होप रोडवरील घरात शिरले. बॉबच्या छातीला चाटून गोळी दंडात गेली, रीटाच्या डोक्याला लागली, व्यवस्थापक डॉन टेलर जबर जखमी झाला. जीव मात्र सगळ्यांचे वाचले. दोनच दिवसांनी, ५ डिसेंबरला, ठरलेल्या मोफत जलशात तो सुमारे ८०,००० लोकांपुढे उभा राहून गाइला, आणि मग देश सोडून लंडनला गेला. परतला तो १९७८ मध्ये. २२ एप्रिलच्या जलशात त्याने मॅन्ली आणि सियागा या दोघांना रंगमंचावर बोलावून त्यांचे हात आपल्या डोक्यावर एकत्र धरले. छायाचित्र फार सुंदर आहे. १९८० च्या निवडणुकीत पुन्हा शेकडो माणसे मेली. गायकाच्या हातून किती होते याची मर्यादा इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

तरी एक प्रसंग आम्हांस या सगळ्याहून मोठा वाटतो. झिंबाब्वे स्वतंत्र होत होते. १७ एप्रिल १९८० च्या मध्यरात्री ब्रिटिश निशाण उतरायचे होते. बॉबने आपले सारे सामान व माणसे स्वतःच्या खर्चाने हरारेला, तेव्हाच्या सॅलिसबरीला, नेली. रुफारो स्टेडियममध्ये इंग्लंडचा युवराज, देशोदेशीचे पाहुणे, नवे मंत्री. ज्यांनी लढून राज्य मिळवले ते साधे लोक भिंतीबाहेर. आतले गाणे ऐकून ते फाटकाकडे लोटले आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. धूर रंगमंचापर्यंत आला, गाणे थांबले, वादक डोळे चोळीत बाहेर धावले. धूर ओसरल्यावर त्याने गाणे पुरे केले. पण त्याचे समाधान झाले नाही. दुसऱ्या रात्री त्याच मैदानात तो पुन्हा गाइला, या वेळी फाटके उघडी ठेवून, बाहेर राहिलेल्यांसाठी.

त्या वेळी रोग अंगात होता. १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्यात कर्करोग सापडला होता. अंगठा कापावा असा सल्ला मिळाला, पण देहाचे अवयव तोडू नयेत अशी रास्ता श्रद्धा आड आली. जून १९८० मध्ये मिलानला सुमारे एक लाख लोकांपुढे त्याने गाइले. सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या बागेत धावताना तो कोसळला, आणि त्यानंतर दोन दिवसांनी पिट्सबर्गला त्याचा शेवटचा जलसा झाला. जर्मनीत उपचार करून काही उपयोग झाला नाही. ११ मे १९८१ रोजी मायामी येथे, जमैकाला परततानाच्या प्रवासात प्रकृती ढासळून, त्याचा अंत झाला. वय छत्तीस. जमैकाने त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला आणि शव डोंगर चढवून नाइन माइलला नेले.

त्याने मृत्युपत्र केले नव्हते. रास्ता माणूस मरणाची कागदपत्रे करीत नाही. मालमत्तेचे खटले दहा वर्षे चालले. पीटर टॉश १९८७ मध्ये स्वतःच्या घरी दरोडेखोरांच्या गोळ्यांनी मेला. बनी २०२१ पर्यंत होता. व्हिन्सेंट फोर्ड २००८ च्या डिसेंबरात वारला. पहिल्या गल्लीतील ते यार्ड आता लोकांना पाहण्यासाठी जपून ठेवले आहे. फोर्डचे स्वयंपाकघर तेथेच आहे, आणि तो मुलगा ज्या खोलीत झोपत असे ती खोलीही.